पिशव्या चिकटवायचं मशीन बंद पडलं, तर आधी काय बघायचं?

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

मागच्या वेळी आपण हिशेबाच्या वहीबद्दल बोललो होतो. आजचा विषय वेगळा आहे, पण पैशाशीच जोडलेला. आपल्या बऱ्याच गटांकडे मसाल्याच्या, पापडाच्या, चिवड्याच्या पिशव्या बंद करायचं हातमशीन आहे. पिशवीचं तोंड आत धरायचं, वरचा दांडा दाबायचा, लाल दिवा लागतो, विझतो, पिशवी बंद. हे मशीन रुसलं की काय करायचं, ते आज सांगते.

आधी आमच्याच एका गटाची गोष्ट सांगते, म्हणजे मी हा विषय का घेतला ते कळेल.

गणपतीच्या आधी या गटाला तालुक्याच्या दोन दुकानांची मसाल्याची ऑर्डर मिळाली. पाव किलोच्या अडीचशे पिशव्या. मसाला कांडून, चाळून तयार. शंभरेक पिशव्या झाल्या आणि मशीन थांबलं. दांडा दाबला की दिवा लागायचा, पण पिशवी चिकटायचीच नाही. गटाच्या अध्यक्ष काकू मशीन पिशवीत घालून एस.टी.ने तालुक्याला गेल्या. दुकानदाराने उघडून बघितलंही नाही. म्हणाला, ‘ट्रान्सफॉर्मर गेलाय, याच्यात पैसे घालू नका, नवीनच घ्या.’ काकू परत आल्या. नवीन घ्यायला गटाकडे पैसे नव्हते, आणि माल तर द्यायचाच होता. मग बायकांनी जुना उपाय केला. पिशवीचं तोंड करवतीच्या पात्याला दुमडून मेणबत्तीवर फिरवलं आणि उरलेल्या पिशव्या बंद केल्या. भाद्रपदातली हवा दमट. आठ दिवसांत चाळीस पिशव्या परत आल्या. आत मसाल्याच्या गुठळ्या झालेल्या. दहा किलो मसाला वाया गेला, आणि एका दुकानाने पुढची ऑर्डर दिली नाही.

त्याच दिवसांत माझा धाकटा भाऊ गणपतीला घरी आला होता. तो पुण्यात गाड्यांच्या गॅरेजमध्ये काम करतो. मी त्याला मशीन दाखवलं. त्याने पिन काढली, दोन स्क्रू सैल केले, वरचं कापड उचललं, आणि मला बोटाने दाखवलं. आतली पट्टी एका टोकाला, स्क्रूच्या अगदी खाली, तुटलेली होती. ट्रान्सफॉर्मर ठणठणीत. आणि नवीन पट्टी कुठे होती माहीत आहे? मशीनच्याच खोक्यात, तळाशी, एका छोट्या पुडीत. मशीन घेतलं तेव्हापासून दोन वर्षं ती माळ्यावर पडून होती. खोकं कुणी पुन्हा उघडलंच नव्हतं.

त्या दिवशी त्याने मला एक गोष्ट शिकवली. काही महागड्या गाड्यांमध्ये बसायची सीट गरम होते. थंड मुलखात ती सोय लागते. सीटच्या कापडाखाली बारीक तार किंवा पट्टी असते, बॅटरीवर चालते. ती सीट गरम होत नाही म्हणून गाडी आली, की नवखा माणूस लगेच सीटच फाडायला बघतो. पण जाणता कारागीर क्रमाने जातो. आधी फ्यूज, मग खटका, मग सीटखालचा जोड, आणि सगळ्यात शेवटी तार. पुष्कळदा सीट पुढे-मागे सरकवताना खालचा जोडच निसटलेला असतो. आणि तार तुटली असेल, तर अनेकदा कुणीतरी सीटवर गुडघा टेकवून मागचं सामान काढलेलं असतं, त्या जागीच तुटते. भाऊ म्हणाला, ‘ताई, गाडीची सीट काय, तुमचं मशीन काय, इस्त्री काय, गरम होणारी वस्तू सगळी एकाच जातीची. बाहेरून आत जायचं. सोपं आधी, अवघड नंतर.’

आज आपण तेच करणार आहोत.

मशीन चालतं कसं?

वीज तारेतून जाताना तारेचा तिला थोडा अडथळा होतो. तांब्याचा अडथळा फार कमी, म्हणून वायरी तांब्याच्या असतात. बाजाराच्या दिवशी रुंद रस्त्यावरून माणसं आरामात जातात. तीच गर्दी अरुंद बोळात शिरली की अंगाला अंग घासतं, धक्काबुक्की होते, उकडायला लागतं. विजेचंही तसंच समजा. अडथळा जिथे जास्त, तिथे उष्णता.

आपल्या मशीनमधला बोळ म्हणजे ती चपटी, चकचकीत पट्टी. ती नायक्रोमची असते, म्हणजे निकेल आणि क्रोमियम या दोन धातूंचं मिश्रण. तांब्याच्या मानाने ती विजेला साठ पटींहून जास्त अडवते, आणि तापून लाल झाली तरी लवकर जळून जात नाही. अमेरिकेतल्या अल्बर्ट मार्श या माणसाने 1906 साली या मिश्रणाचं पेटंट घेतलं. आपल्या इस्त्रीत हीच तार असते.

आता बाकीचे भाग. घरातली वीज 230 व्होल्टची. मशीनच्या पोटातला ट्रान्सफॉर्मर तिचा दाब कमी करून पट्टीला देतो. दांडा खाली आला की आत एक छोटा खटका दाबला जातो, ‘टिक’ असा आवाज येतो आणि पट्टीतून वीज जाते. सेकंदभर, कधी त्याहूनही कमी वेळ. मग मशीन आपणहून वीज तोडतं आणि दिवा विझतो. पट्टीवर टेफ्लॉनचं कापड असतं, म्हणजे वितळलेलं प्लॅस्टिक पट्टीला चिकटत नाही. वरच्या दांड्यात रबराची पट्टी असते, ती पिशवी सगळीकडे सारखी दाबते.

एक गोष्ट इथे पक्की लक्षात ठेवा. मशीनवर जे गोल बटण असतं, त्याचे आकडे उष्णतेचे नाहीत, वेळेचे आहेत. आकडा वाढवला म्हणजे पट्टी जास्त वेळ तापत राहणार. साधी मऊ पॉलिथिनची पिशवी 110 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते. चिवड्याची कडक, चुरचुर वाजणारी पिशवी बहुधा पॉलिप्रॉपिलिनची असते, तिला 160च्या आसपास लागतं. म्हणून पिशवी बदलली की आकडाही बदलायला लागतो. मशीन बिघडलेलं नसतं, पिशवी बदललेली असते.

हात लावण्याआधी

पहिला नियम: पिन बोर्डातून बाहेर काढायची. नुसता खटका बंद करून भागत नाही. गावाकडच्या वायरिंगमध्ये कधी कधी खटका उलट्या तारेवर बसवलेला असतो. खटका बंद असतो, पण आत वीज असतेच. पिन काढून ती आपल्या समोर, दिसेल अशी ठेवायची. शेजारची सून किंवा पोरगं येऊन लावणार नाही, असं बघायचं. दहा मिनिटं मशीन थंड होऊ द्यायचं. हात कोरडे, पायात चप्पल, जमीन कोरडी.

दिवाच लागत नसेल तर

दांडा दाबला, पण लाल दिवा नाही. म्हणजे वीज मशीनच्या आतपर्यंत पोचत नाही. बाहेरून सुरुवात करा. त्याच बोर्डात मोबाइलचा चार्जर लावून बघा. चार्जर चालत नसेल, तर दोष बोर्डाचा, मशीनचा नाही. हसू नका, दोन गटांमध्ये मी हेच बघितलंय.

बोर्ड ठीक असेल, तर पिन काढून नीट बघा. पितळी पाय काळे पडलेत का? काळे पडले असतील, तर ती पिन बोर्डात सैल बसते. सैल जोड म्हणजे पुन्हा तोच अरुंद बोळ, पण चुकीच्या जागी. तिथे उष्णता तयार होते, पितळ काळवंडतं, प्लॅस्टिक वितळतं. मग वायर हाताने चाचपा. मशीनमध्ये शिरते तिथे वारंवार वाकून आतून तुटली असेल. धान्याच्या खोलीत मशीन ठेवत असाल, तर उंदरांनी कुरतडली आहे का ते बघा. काही मशीनला मागे छोटा फ्यूज असतो, तो जळालाय का बघा. जळला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा दुसरा घाला. जाड तार गुंडाळून काम भागवू नका.

मग पिन बाहेरच ठेवून दांडा हळू दाबा आणि कान द्या. ‘टिक’ आवाज यायला हवा. येत नसेल, तर आतल्या खटक्यापर्यंत दांडा पोचत नाही किंवा खटका अडकलाय. मसाल्याची पूड तिथे जाऊन बसते. बाहेरून दिसणारी पूड कोरड्या ब्रशने झाडा. तेवढ्याने जमलं नाही, तर खटका बदलायचं काम वायरमनचं.

दिवा लागतो, पण पिशवी चिकटत नाही

आमच्या गटाचं हेच झालं होतं. दिवा लागतो, म्हणजे बहुतेक मशीनमध्ये वीज ट्रान्सफॉर्मरपर्यंत पोचली आहे. मग पट्टीकडे जायचं.

पिन काढलेली आहे, मशीन थंड आहे. टेफ्लॉनच्या कापडाच्या दोन्ही कडांचे स्क्रू सैल करा, कापड उचला. पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत डोळ्यांनी बघा. मधे तुटली असेल तर लगेच दिसेल. दिसली नाही, तर दोन्ही टोकांचे स्क्रू तपासा. पट्टी तापली की लांबते, गार झाली की आखडते. दिवसातून शंभर वेळा हे झालं की टोकाचा स्क्रू सैल होतो, तिथे काळं पडतं आणि तिथेच पट्टी तुटते. कधी नुसता स्क्रू आवळून, काळं झालेलं बारीक पॉलिश पेपरने घासून मशीन सुरू होतं.

ज्यांच्याकडे मल्टिमीटर आहे, त्यांच्यासाठी एक खुबी. पट्टी दोन्ही टोकांना जोडलेली असताना मोजली, तर ती तुटलेली असली तरी मीटर ‘जोड आहे’ असंच दाखवेल. कारण वीज ट्रान्सफॉर्मरच्या आतल्या तारेतून फिरून येते. म्हणून पट्टीचं एक टोक सोडवायचं आणि मगच मोजायचं. पट्टी धड असेल, तर ओहमचा आकडा अगदी छोटा येतो. तुटलेली असेल, तर मीटर जोड दाखवणारच नाही.

पट्टी बदलायची कशी?

जुनी पट्टी टोकांचे स्क्रू सोडून काढा आणि दुकानात सोबत न्या. लांबी आणि रुंदी तीच हवी. आठ इंची मशीनची पट्टी बारा इंचीला चालत नाही. रुंदीत फरक पडला, तरी उष्णतेचं गणित बिघडतं.

नवी पट्टी बसवण्याआधी तिच्याखाली बघा. तिथे चिकटपट्टीसारखा एक थर असतो. तो पट्टीला मशीनच्या लोखंडी अंगापासून वेगळं ठेवतो. तो जळून खालचा धातू उघडा पडला असेल, तर आधी तो थर बदला. नाहीतर पट्टी थेट अंगाला टेकेल. मग पट्टी सरळ ठेवा, पीळ पडू देऊ नका. दोन्ही टोकं स्क्रूखाली घट्ट. पट्टी ताठ असावी, पण तारेसारखी ताणलेली नको, तापल्यावर हलायला तिला जागा लागते. काही मशीनमध्ये त्यासाठी टोकाला स्प्रिंग असते. वर टेफ्लॉनचं कापड सुरकुती न पडता बसवा. आता पिन लावा, सगळ्यात छोट्या आकड्यावर रिकामी पिशवी घालून बघा आणि एकेक आकडा वाढवत जा.

दोन चुका मात्र करू नका. तुटलेली पट्टी पिळून जोडायची नाही. जोडाच्या जागी ती जास्त तापते, कापड जाळते आणि पुन्हा तिथेच तुटते. आणि पट्टीच्या जागी तांब्याची तार लावायची नाही. तांबं विजेला अडवतच नाही, त्यामुळे ट्रान्सफॉर्मरवर नको तेवढा भार येतो आणि जो धड होता, तोही जळतो.

चिकटतं, पण अर्धवट

इथे बहुतेक वेळा विजेचा काही दोष नसतो. पहिलं बघायचं ते पिशवीचं तोंड. मसाल्याची पूड किंवा चिवड्याचं तेल जोडाच्या जागी लागलं, की प्लॅस्टिक प्लॅस्टिकला भेटतच नाही. भरताना पिशवीचं तोंड बाहेरून दोन बोटं दुमडून घ्या, आपण बाहीला दुमडतो तसं. भरून झाल्यावर सरळ करा. आतली कडा स्वच्छ राहते.

दुसरं, टेफ्लॉनचं कापड. आपल्या पिशव्या लहान, त्या आपण रोज मशीनच्या बरोबर मधेच धरतो. त्यामुळे कापड मधेच काळं पडतं, पातळ होतं. पिशवी कधी डावीकडे, कधी उजवीकडे धरा. कापड फाटलं असेल तर बदला, फाटक्या जागी पिशवी थेट पट्टीला चिकटते. तिसरं, वरचं रबर. त्यात खाच पडली असेल, तर तेवढ्या जागी दाब बसत नाही. चौथं, दिवा विझल्यावर लगेच दांडा उचलू नका. मनात दोन आकडे मोजा. गरम प्लॅस्टिक मऊ असतं, दाबाखाली गार झालं की जोड पक्का होतो. आणि संध्याकाळी व्होल्टेज उतरलं, की सकाळचा आकडा पुरत नाही, तेही ध्यानात ठेवा.

पिशवी वितळून तुटत असेल, तर उलट करा, आकडा कमी करा. सलग तीस-चाळीस पिशव्या झाल्या, की पट्टीखालचा भागही तापलेला असतो. तेव्हा आकडा एकने खाली आणायचा किंवा मशीनला जरा विसावा द्यायचा.

जोड पक्का झाला की नाही, हे डोळ्यांनी कळत नाही. रिकाम्या पिशवीत हवा भरून ती बंद करा, पाण्याच्या घमेल्यात दाबून धरा. बुडबुडे आले, तर जोड कच्चा. ऑर्डर सुरू करण्याआधी एक पिशवी आणि पिशव्यांचा गठ्ठा बदलला की एक, एवढी तपासणी पुरते. आमच्या गटाने मेणबत्तीने बंद केलेल्या पिशव्यांची ही तपासणी केली असती, तर दहा किलो मसाला वाचला असता.

कुठे थांबायचं?

हे सगळ्यात महत्त्वाचं. तीन वेळा मशीनला पुढे हात लावायचा नाही.

दांडा उचलला तरी दिवा विझत नसेल, तर पिन ओढून काढा. वेळ मोजणारा भाग किंवा खटका अडकलाय, पट्टी तापतच राहणार. कापड पेटू शकतं.

मशीनच्या अंगाला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं झालं, तर तो शॉकच आहे. ‘हलकाच बसतो’ म्हणून काम चालू ठेवू नका. आतली वायर कुठेतरी अंगाला टेकलेली आहे. मशीनच्या पिनला तीन पाय असतात, त्यातला जाड पाय अर्थिंगचा. बोर्डात बसत नाही म्हणून काही जण तो कापतात किंवा दोन पायांची पिन लावतात. तो पाय आपल्यासाठी आहे. वीज अंगाला आली, तर तिने आपल्यातून न जाता जमिनीत जावं म्हणून. आणि बोर्डाला खरंच अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून एकदा तपासून घ्या.

जळका वास आला, पोटातून गुणगुण वाढली, धूर दिसला, तर खालचं झाकण उघडू नका. पोटात 230 व्होल्टची वीज आहे. ते काम माहितगाराचं.

पण माहितगाराकडे जाताना रिकाम्या तोंडाने जाऊ नका. ‘मशीन बंद पडलंय’ एवढंच म्हटलं, की समोरचा काहीही सांगू शकतो. त्याऐवजी म्हणा, ‘भाऊ, दिवा लागतो, टिक वाजतं, पट्टी मी बघितली, ती धड आहे, स्क्रू आवळले आहेत. आता तुम्ही पुढचं बघा.’ असं बोलणाऱ्या बाईला न उघडता ‘नवीनच घ्या’ म्हणणं सोपं नसतं. आमच्या काकू आता असंच बोलतात. गेल्या उन्हाळ्यात मशीन पुन्हा अडलं, तेव्हा त्यांनी सचिव ताईंना सोबत घेऊन पट्टी स्वतः बदलली. पट्टी आणि कापड मिळून शंभराच्या आत काम झालं आणि पिशव्या त्याच दिवशी दुकानात गेल्या.

आता तुमच्यासाठी काम. या महिन्याच्या बैठकीत मशीनचं खोकं माळ्यावरून खाली काढा. आत पट्टीची आणि कापडाची पुडी आहे का बघा. नसेल, तर गटाच्या पैशातून दोन पट्ट्या, दोन कापडं आणि एक चांगला स्क्रू ड्रायव्हर घेऊन ठेवा आणि तशी नोंद करा. मशीनजवळ एक छोटी वही बांधा. कोणत्या पिशवीला कोणता आकडा, पट्टी कधी बदलली, ते लिहा. आणि पट्टी बदलायला एकीने नव्हे, निदान तिघींनी शिका. पिन काढून, रिकाम्या वेळी, बैठकीतच करून बघा. ऑर्डरच्या दिवशी शिकायला वेळ नसतो.